बढती: आपल्या गैरहजेरीत होणारा निर्णय

(वेस्ट मांबलम, चेन्नई येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय जाहीर झाला तेव्हा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला फोन करून विचारले, "स्मृतिव्याख्यानाला बढती हा विषय? ज्ञानेश्वरी नाही, तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय नाही, आणि बढती?" मी म्हणालो, काका, ज्या वस्तीत व्याख्यान आहे ती वस्तीच बढतीच्या वाटेवर वसलेली आहे.

हे मी गमतीने म्हणालो नव्हतो. रुळांच्या पूर्वेला त्यागराय नगर आणि त्याचा बाजार, पश्चिमेला आपण नोकरदार. पोस्टल कॉलनी हे नावच घ्या. १९३१ साली बीच ते तांबरम विजेची लोकल सुरू झाली आणि इथून कचेरी गाठणे सोपे झाले. पार्कला उतरलात की जवळच रेल्वेचे मुख्यालय. फोर्टला उतरलात की सचिवालय आणि हायकोर्ट. बीचला उतरलात की बंदर, मोठे पोस्ट आणि बँकांच्या जुन्या इमारती. लागोपाठच्या तीन स्टेशनांत मद्रासची निम्मी कारकुनी मावत होती, आणि तिच्यातले कितीतरी लोक संध्याकाळी मांबलमला उतरून अयोध्या मंडपावरून घरी जात. त्या डब्यांत ग्रेड, इन्क्रिमेंट आणि सीनियॉरिटी लिस्ट यांच्या गप्पा चालत. त्यांची नातवंडे आता आयटी कंपनीच्या बसने जुन्या महाबलीपुरम रस्त्याकडे जातात आणि रेटिंगबद्दल बोलतात. विषय तोच आहे.

मी स्वतः आयुष्यभर कार्मिक खात्यात काम केले. म्हणजे बढत्यांच्या फायली बांधून समितीपुढे ठेवणाऱ्यांच्या बाजूचा माणूस. त्या बाजूने पाहिले की एक गोष्ट फार स्पष्ट दिसते, आणि आज मला तेवढीच सांगायची आहे. बढती आपण नसतो त्या खोलीत ठरते. तिथे आपला आवाज नसतो, आपला कामसू चेहरा नसतो, आपण रात्री आठपर्यंत थांबलो होतो हे कुणाला ठाऊक नसते. तिथे दोनच गोष्टी असतात: आपला कागद, आणि आपल्याविषयी तोंड उघडणारा एखादा माणूस. बढतीची शक्यता वाढवायची म्हणजे या दोघांची तजवीज आधी करून ठेवायची. बाकी बहुतेक सल्ले, म्हणजे हसतमुख राहा, टाय बांधा, साहेबांच्या घरी दिवाळीचा फराळ पोचवा, हे या दोहोंपुढे फिके आहेत. फराळाचे तर मी असे पाहिले आहे की तो सगळेच पोचवतात.

आधी कागदाकडे वळू.

सरकारी नोकरीत पहिला प्रश्न असा विचारायचा: माझी पुढची जागा ज्येष्ठतेने भरतात, निवडीने भरतात की परीक्षेने? तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण पंधरा-पंधरा वर्षे नोकरी झालेल्या माणसांना याचे उत्तर देता येत नाही. जागा निव्वळ ज्येष्ठतेची असेल तर घाम गाळून वरच्याला ओलांडता येत नाही. तिथे आपली सेवाज्येष्ठता यादीतली नोंद बरोबर आहे का, हेच काम. यादी दरवर्षी फिरते, आपण सही करून पुढे सरकवतो. वाचत नाही. रुजू होण्याची तारीख चुकलेली, परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद राहिलेली, हे बढतीच्या वर्षी लक्षात येते आणि तोवर आक्षेपाची मुदत गेलेली असते.

निवडीची जागा असेल तर विभागीय बढती समिती बसते. ती सगळ्यांचा विचार करत नाही. जुन्या केंद्रीय नियमांप्रमाणे एका रिकाम्या जागेसाठी ज्येष्ठतेनुसार पाच जण, दोन जागांसाठी आठ, तीन जागांसाठी दहा, एवढेच विचारात घेत. त्या कक्षेत आपण केव्हा येणार हे कुणालाही आधी मोजता येते: पुढे किती जण आहेत, त्यांतले कोण कधी निवृत्त होणार. हा हिशेब वहीच्या एका पानावर होतो. तो केलात की कोणती पाच वर्षे महत्त्वाची आहेत ते कळते, कारण समिती पुढ्यात ठेवते ते साधारण गेल्या पाच वर्षांचे अहवाल.

आणि इथे एक गोष्ट अशी आहे जी हुशार माणसांना रुचत नाही. केंद्र सरकारात २००२ पासून निवडीच्या बढतीत ज्येष्ठाला ओलांडून जाण्याची सोय जवळजवळ बंद झाली आहे. समिती ठरवते ते फक्त योग्य की अयोग्य. जागेसाठी ठरलेली किमान श्रेणी पाचही वर्षे गाठली तर योग्य. मग ज्येष्ठतेचा क्रम लागतो. म्हणजे चार वर्षे असामान्य आणि एक वर्ष घसरलेले असा माणूस अडतो, आणि पाचही वर्षे सरळ 'अत्युत्तम'ची रेघ ओढणारा पुढे जातो. एखाद्या वर्षी गगनाला हात लावण्यापेक्षा कुठलेच वर्ष खाली न जाऊ देणे इथे मोलाचे ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे देव दत्त यांचा खटला. सीमा रस्ते बांधणाऱ्या खात्यातले हे कार्यकारी अभियंता. अधीक्षक अभियंत्याच्या जागेसाठी ते पात्र झाले. अट अशी की गेल्या पाच वर्षांचे अहवाल किमान 'अत्युत्तम' असावेत. त्यांचे तसे होते, १९९३-९४ हे एक वर्ष सोडून. त्या वर्षी साहेबांनी लिहिले होते 'चांगला'. शेरा वाईट नव्हता, म्हणून तो त्यांना कळवलाही नव्हता. कळवायचे ते फक्त प्रतिकूल शेरे, असा तेव्हाचा शिरस्ता. त्या एका 'चांगल्या'पायी ते राहिले आणि त्यांच्या मागचे पुढे गेले. गुवाहाटीच्या उच्च न्यायालयात ते हरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तोवर ते निवृत्तही झाले होते. मे २००८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की नोंद कोणतीही असो, ती कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, कारण नोंद प्रतिकूल आहे की नाही हे तिच्यातल्या शब्दावरून ठरत नाही, तिने बढती अडते का यावरून ठरते. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू काही काळ आपल्या मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, केंद्र सरकारने आदेश काढला: संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायचा आणि त्यावर म्हणणे मांडायला पंधरा दिवस द्यायचे.

हे पंधरा दिवस म्हणजे नोकरदाराच्या हातात आलेले फार मोठे हत्यार आहे, आणि ते बहुतेक जण वापरत नाहीत. अहवाल आला की लोक आकडा पाहतात. दहापैकी सहा ते आठच्या दरम्यान असेल तर 'अत्युत्तम', चार ते सहा म्हणजे 'चांगला'. पाच पूर्णांक आठ मिळाले की आपण म्हणतो, जाऊ दे, साहेबांशी कशाला वाकडे घ्या, पुढच्या वर्षी बघू. पण ते पाच पूर्णांक आठ पाच वर्षे तुमच्या मानेवर बसणार आहे. म्हणणे मांडायचे तर रागाने नव्हे. अन्याय, पक्षपात, द्वेष हे शब्द न वापरता एवढेच लिहायचे की अमुक रकान्यात पाच दिले आहेत, त्या कामाची ही आकडेवारी, ही आलेली प्रशंसापत्रे, मागच्या वर्षी याच कामाला सात होते, मधे काय बदलले ते अहवालात नाही, तरी पुनर्विचार व्हावा. अशी दोन परिच्छेदांची पत्रे मी स्वीकारली जाताना पाहिली आहेत. सात-सात पानांची कैफियत मात्र कुणी पूर्ण वाचलेली मला आठवत नाही.

त्याच्याही आधीची पायरी म्हणजे स्वमूल्यमापन. ३१ मार्चला वर्ष संपते आणि १५ एप्रिलपर्यंत आपण काय केले ते आपणच लिहून द्यायचे असते. इथे आपले मराठी संस्कार आडवे येतात. आपल्या तोंडाने आपली थोरवी सांगू नये, असे घरी शिकवलेले. मग माणूस लिहितो: नेमून दिलेली सर्व कामे वेळेत पार पाडली. हे वाक्य मी इतक्या फॉर्मांवर वाचले आहे की ते छापूनच का देत नाहीत असे मला वाटे. झाकली मूठ सव्वा लाखाची हे बढतीच्या खोलीत खरे नाही. तिथे झाकलेल्या मुठीत काहीच नाही असे धरतात. आणि लक्षात घ्या, अहवाल लिहिणाऱ्या साहेबांपुढे त्या पंधरवड्यात वीस-पंचवीस फॉर्म असतात. त्यांना तुमच्याविषयी चांगले लिहायचे असले तरी काय लिहावे ते सुचत नाही. तुम्ही जर लिहिलेत की एप्रिलमध्ये पेन्शनची इतकी प्रकरणे थकली होती, मार्चअखेर इतकी उरली, मधल्या काळात एक माणूस कमी होता, आणि जुन्या सर्व्हिस बुकांची पडताळणी आधी करायची ही नवी पद्धत बसवली, तर साहेब त्यातलेच शब्द उचलतात. बढाई आणि हिशेब यांत फरक आहे. हिशेबाला आकडा, तारीख आणि अडचण असते. यासाठी वर्षभर महिन्याला चार ओळी टिपून ठेवल्या तरी पुरे. एप्रिलमध्ये आठवायला बसले की फेब्रुवारीपलीकडचे काही आठवत नाही.

परीक्षांबद्दल थोडक्यात. लेखाखात्यातली एसएएस, रेल्वेच्या खात्यांतर्गत परीक्षा, बँकांत जेएआयआयबी आणि सीएआयआयबी, या सगळ्यांत एक सुख असे की निकाल साहेबांच्या मर्जीवर नसतो. बँकेत तर या परीक्षांनी वेतनवाढही मिळते. त्या लग्नाआधी द्याव्यात असे आमचे जुने लोक सांगत. मी म्हणेन, मुले दहावीला जायच्या आत द्याव्यात. एकाच घरात दोन परीक्षा चालत नाहीत.

आता दुसऱ्या गोष्टीकडे येतो: आपल्यासाठी बोलणारा माणूस. त्यासाठी आपल्यातल्याच एका माणसाची गोष्ट पाहू.

तंजावरी मराठी मंडळींना टी. माधवराव हे नाव सांगायला नको. १८२८ साली कुंभकोणमला जन्म. मद्रासच्या सरकारी हायस्कुलात पॉवेल साहेबांच्या हाताखाली गणित शिकले, १८४६ मध्ये तिथली प्रावीण्याची पदवी मिळवली. पहिली कायमसारखी नोकरी मद्रासच्या अकौंटंट जनरलच्या कचेरीत. आज या सभागृहात त्या कचेरीतून निवृत्त झालेले काही जण नक्की असतील. त्यांनी मनात ही नोंद ठेवावी की भारतातल्या तीन मोठ्या संस्थानांचा पुढचा दिवाण तुमच्याच खात्यात हिशेब तपासत होता. तिथे ते साधारण दोन वर्षे राहिले. १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांना इंग्रजी शिकवण्याची जागा आली, ती त्यांनी घेतली. आजच्या भाषेत हा आडवा रस्ता. पक्की सरकारी कचेरी सोडून परक्या दरबारात मास्तरकी. पण त्या खोलीत बसणारी मुले कोण होती? पुढे त्यांतले दोघे गादीवर आले, आयिल्यम तिरुनाळ आणि त्यांच्यामागून विशाखम तिरुनाळ.

मास्तरकी चार वर्षे झाली. मग महसूल खात्यात डेप्युटी पेशकार, आणि दोनेक वर्षांत दिवाण पेशकार. इथे माधवरावांनी जे केले ते मला फार महत्त्वाचे वाटते. दिवाण कृष्णराव यांच्या काळात कारभार ढेपाळला होता, कर थकत होते, मिशनऱ्यांच्या तक्रारी मद्रासपर्यंत जात होत्या. अशा वेळी माधवरावांनी सुचवले की संस्थानाचे भाग पाडून प्रत्येक भाग एकेका पेशकाराच्या ताब्यात द्यावा, पूर्ण जबाबदारीसकट. त्यांच्या वाट्याला दक्षिणेकडचा भाग आला, पद्मनाभपुरमच्या बाजूचा. तो सुखाचा मुलूख नव्हता. दरोडे होते, सामाजिक तंटे होते. वर्षभरात दरोडेखोर हटले, वसुली वाढली, आणि ज्यांनी तक्रारी केल्या होत्या त्या मिशनऱ्यांतल्याच काहींनी त्यांच्या कारभाराची तारीफ केली. मद्रासचे नामांकित वकील जॉन ब्रूस नॉर्टन यांनीही त्यांची वाखाणणी केली. १८५७ च्या अखेरीस कृष्णराव वारले तेव्हा दुसरे नाव शोधावे लागले नाही. त्या वेळी माधवरावांना तिशीही लागली नव्हती.

जबाबदारीची हद्द आखून मागितली की श्रेयाचीही हद्द आखली जाते, हे त्यांना कळले होते. आपण बहुतेक जण सामायिक कामात झिजतो. सहा जणांनी केलेल्या कामात एकाचे नाव निघत नाही. ज्या कामाचा निकाल मोजता येतो आणि ज्यावर आपले एकट्याचे नाव आहे असे काम मिळत असेल, ते अवघड असले, दुसऱ्यांनी टाकलेले असले तरी घ्यावे. टाकलेल्या कामाचा एक फायदा असा की त्यात आधीच्या माणसाशी तुलना होते ती आपल्या बाजूने होते. आणि माधवरावांसाठी खोलीत बोलणारे कोण होते तेही पाहा. एकटे महाराज नव्हते. बाहेरचे वकील होते, विरोधात गेलेले लोक होते. ज्याला आपल्याशी काही देणेघेणे नाही अशा माणसाचा एक बरा शब्द आपल्या लाडक्या साहेबांच्या दहा शब्दांपेक्षा जड असतो.

पण ही गोष्ट अर्धीच सांगितली तर ती लबाडी होईल. माधवरावांचे वडील रंगराव त्रावणकोरचे दिवाण राहिले होते. चुलते वेंकटराव दोनदा दिवाण झाले होते. चुलतभाऊ रघुनाथराव पुढे इंदूरचे दिवाण झाले. गुणवत्ता होती यात वाद नाही. पण दारावर थाप मारल्यावर आतून 'कोण?' असे कुणी विचारत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मद्रास इलाख्यातल्या कितीतरी जिल्हा कचेऱ्यांत शिरस्तेदारापासून खालपर्यंत आपलीच देशस्थ मंडळी एकमेकांना ओढून घेत होती; जमाखर्च मोडीत चाले, त्यामुळे ते सोपेही होते. हे इतके झाले की १८५४ मध्ये मद्रासच्या महसूल मंडळाला स्थायी आदेश काढावा लागला, क्रमांक १२८: जिल्ह्यातल्या जागा काही वजनदार घराण्यांच्या हाती जाऊ देऊ नयेत, मुख्य जागा निरनिराळ्या जातींत विभागाव्यात.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण या बाजूला बढतीचे बोलणे निघाले की चहा संपायच्या आत आरक्षणावर येते. त्याचाही इतिहास आपल्या रेल्वेतच आहे. १९५९ मध्ये रेल्वे बोर्डाने निवडीच्या जागांवर अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा ठेवणारी परिपत्रके काढली. दक्षिण रेल्वेतले रंगाचारी मद्रास हायकोर्टात गेले आणि जिंकले. जनरल मॅनेजर सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९६१ मध्ये तीन विरुद्ध दोन असा निकाल लागला, की राज्यघटनेचे कलम १६(४) बढतीलाही लागू आहे. बहुमताचा निकाल लिहिला साताऱ्याच्या प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. १९९२ च्या मंडल निकालाने ते मत बदलले, १९९५ च्या सत्त्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संसदेने ते पुन्हा आणले. कायद्याचे वळण हे असे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर ज्या समाजाने शंभर वर्षे ओळखीवर बढत्या मिळवल्या त्याने या प्रश्नावर जरा हळू बोलावे. आणि अडलेल्या बढत्यांच्या ज्या फायली मी हाताळल्या त्यांत जास्त दिसले ते असे: अहवालातले एक लेचेपेचे वर्ष, न दिलेली परीक्षा, नाकारलेली बदली. पण घरी येऊन सांगायला आरक्षण हे कारण बरे पडते.

ज्याच्या घरात दिवाण नाही त्याच्यासाठी कोण बोलणार? याचे उत्तर कुंभकोणमच्याच दुसऱ्या एका मुलाने दिले आहे, आणि तोही काही दिवस त्याच अकौंटंट जनरलच्या कचेरीत हंगामी कारकून होता, महिना वीस रुपयांवर. श्रीनिवास रामानुजन. १९१२ च्या मार्चमध्ये त्यांना पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपयांची जागा मिळाली. तिथले मॅनेजर नारायण अय्यर स्वतः गणित जाणणारे; चेअरमन सर फ्रान्सिस स्प्रिंग हे अभियंते. रामानुजन यांनी त्यांच्यापुढे स्वतःची जाहिरात केली नाही, पण वह्या लपवल्याही नाहीत. १९१३ मध्ये हवामानखात्याचे गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले, त्यांना काम दाखवले गेले, त्यांनी विद्यापीठाला लिहिले. मार्चमध्ये अभ्यास मंडळाच्या बैठकीत विषय आला. उमेदवाराकडे पदवी नाही, नियमात बसत नाही. तरीही महिना पंचाहत्तर रुपयांची शिष्यवृत्ती ठरली. रामानुजन त्या खोलीत नव्हते. नारायण अय्यरांना मात्र तिथे मुद्दाम बोलावले होते. आपण रामानुजन नाही, हे मला मान्य आहे. पण नारायण अय्यर शोधणे आपल्याला जमण्यासारखे आहे. तुमचे काम ज्याला खरोखर कळते अशा एका वरिष्ठाला ते वेळोवेळी दाखवत राहायचे. मागायचे काही नाही, त्याचे मत घ्यायचे. मत दिलेल्या माणसाला तुमच्या यशात आपोआप रस निर्माण होतो.

साहेबांशी मतभेद झाला तर काय करावे, असे तरुण मुले विचारतात. त्याला मद्रासचेच उत्तर आहे. बढती ज्येष्ठतेने नव्हे, गुणांवर द्यावी असे ब्रिटिश सरकारला लेखी सांगणारा प्रसिद्ध अहवाल १८५४ साली निघाला. त्याचे एक लेखक सर चार्ल्स ट्रेव्हेलियन १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर होऊन आले. पार्क स्टेशनच्या परिसरात पूर्वी असलेले पीपल्स पार्क ही त्यांचीच कल्पना. कलकत्त्याहून वित्तसदस्य जेम्स विल्सन यांनी नवे कर आणले. ट्रेव्हेलियन यांना ते पटले नाहीत. त्यांनी आपला विरोध टिपणात लिहिला. इथवर ठीक होते. मग ते टिपण त्यांनी वर्तमानपत्रांना छापायला दिले. १८६० मध्ये त्यांना परत बोलावले गेले. गुणवत्तेचा हा पुरस्कर्ता तेवढ्यावरून गेला. मात्र दोन-तीन वर्षांतच वित्तविभागाचा सदस्य म्हणून तो कलकत्त्याला परतला, कारण टिपणातला विचार हा काही कुणाला गुन्हा वाटला नव्हता. फायलीवर हवे तितके ठाम लिहा. तेच ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेत की तुमच्या बाजूने बोलणाऱ्याचीही खोलीत पंचाईत होते.

खासगी कंपन्यांतल्या मुलांना वाटेल की हे सगळे सरकारी पुराण आहे. खोली तुमच्याकडेही आहे, फक्त तिचे नाव कॅलिब्रेशन मीटिंग आहे. पाच-सहा मॅनेजर बसतात, प्रत्येकाला वाटून दिलेली वरची रेटिंग थोडी असतात, आणि तुमच्या मॅनेजरला इतरांसमोर तुमची बाजू मांडावी लागते. तो मितभाषी असेल, नवा असेल, किंवा तुमच्या कामाचे त्याला एका वाक्यात सांगता येत नसेल, तर तुम्ही गेलात. म्हणून ती बैठक कधी आहे ते विचारा, त्याच्या महिनाभर आधी त्याला अर्ध्या पानाचा हिशेब द्या, आणि बाकीच्या मॅनेजरांपैकी निदान एकाने तुमचे काम पाहिलेले असू द्या. शिवाय सरळ विचारा, "मला पुढच्या जागेसाठी काय कमी पडते आहे?" हा प्रश्न विचारायला आपल्या मुलांना लाज वाटते. तमिळ मित्र विचारतात. सरकारी साहेबांपेक्षा तुमचे मॅनेजर लवकर बदलतात, हीच काय ती तुमची खरी अडचण. त्यामुळे जाणाऱ्या मॅनेजरकडून दोन ओळींचा ईमेल घेऊन ठेवायला विसरू नका.

आणखी एक, हे सरकारी आणि खासगी दोघांनाही. आपल्या टेबलाचे काम दुसऱ्या कुणाला येणार नाही अशी व्यवस्था करून बसलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो. तो सुरक्षित असतोच, त्याच टेबलावर. तो गेला तर सेक्शन बंद पडेल म्हणून त्याला कुणी हलवत नाही. ज्यांनी आपल्यामागे एक माणूस तयार केला त्यांना सोडायला साहेब राजी होतात. हे पाहायला मला कार्मिक खात्यात बरीच वर्षे लागली नाहीत. पहिल्याच वर्षी दिसले.

शेवटी बढती नाकारणाऱ्यांविषयी. अशी माणसे या सभागृहात कमी नसतील, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया असतील. बँकेत क्लार्कची ऑफिसर झाली की बदली ठरलेली. घरी सासूबाई अंथरुणाला, मुलगी बारावीत, नवऱ्याची नोकरी तांबरमला. मग बाई वरच्या जागेवर पाणी सोडते आणि लोक म्हणतात तिला महत्त्वाकांक्षा नाही. महत्त्वाकांक्षेचा इथे संबंध नसतो. ज्या घरात बढतीबरोबर येणाऱ्या बदलीचा विचार दोघांनी मिळून पाच वर्षे आधी केला, त्या घरात ती बढती घेता आली. जिथे ऑर्डर हातात पडल्यावर चर्चा सुरू झाली, तिथे नकाराशिवाय मार्ग उरला नाही. नवऱ्यांनी ही चर्चा स्वतःहून काढावी, एवढेच म्हणतो.

तरी नाकारायचीच असेल तर नियम माहीत असू द्या. केंद्र सरकारात नकार मान्य झाला की वर्षभर पुन्हा देकार येत नाही, आणि त्या काळात जे पुढे गेले त्यांच्यामागे तुमचा क्रम लागतो. १ सप्टेंबर २००८ पासून बढती न मिळालेल्यांना दहा, वीस आणि तीस वर्षांना मिळणारी जी एमएसीपीची वेतनश्रेणी आहे, तिच्याशीही याचा संबंध आहे. तो लाभ देय होण्याआधी बढती नाकारलीत तर लाभ अडतो, कारण संधी नव्हती असे मग म्हणता येत नाही. लाभ पदरात पडल्यानंतर नाकारलीत तर मिळालेला काढून घेत नाहीत, पुढचा तेवढा लांबतो. कित्येकांनी दोन-तीन महिन्यांच्या फरकाने हे नुकसान ओढवून घेतलेले मी पाहिले आहे. तेव्हा नकाराच्या अर्जावर सही करण्याआधी सर्व्हिस बुक मागवून घ्या, रुजू झाल्याच्या तारखेपासून वर्षे मोजा, आणि देकाराला उत्तर द्यायची मुदत किती दिवसांची आहे ते ऑर्डरच्या शेवटच्या परिच्छेदात पाहा.